नेलीची आजी

रूथबाई कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून पाहायच्या. भेटकार्ड असो, कागदाची चांदणी असो की भरतकाम केलेला रुमाल, समोरची बाजू नंतर. मागं खळ ओघळलेली दिसली किंवा दोऱ्याची गाठ लोंबताना दिसली की वस्तू परत आमच्या मांडीवर यायची. "समोरून तं सगळंच चांगलं दिसते, पोट्टेहो," त्या म्हणायच्या, "पाठीकडून पाहा लागते." मी नऊ वर्षांची असताना हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं आणि मला ते भारी आवडलं. घरी आईनं केलेली पोळीसुद्धा मी उलटी करून पाहू लागले आणि त्याबद्दल धपाटाही खाल्ला.

आर्वीत कापसाच्या बाजारामागं आमची गल्ली होती. माझ्या बाबांचं सरकी-ढेपेचं दुकान पुढच्या चौकात होतं. गल्लीच्या टोकाला दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची ओसरी, एवढं रूथबाईंचं घर. गल्लीतलं एकुलतं एक ख्रिस्ती घर. नगरपालिकेच्या शाळेतून त्या निवृत्त झाल्या होत्या. नवरा कंपाउंडर होता, तो बऱ्याच वर्षांपूर्वी गेला होता. मुलगी, मार्था, लग्न होऊन जबलपूरला. पांढऱ्या साडीला बोटभर काठ, गालात कायम एक लवंग, आणि बोलण्याची दोन खाती: शाळेत होत्या तोवर वर्गात अगदी पुस्तकी मराठी आणि ओसरीवर आल्या की ठसठशीत वऱ्हाडी. आम्हाला अर्थातच दुसरं खातं जास्त आवडायचं.

डिसेंबर लागला की गल्लीतली आम्ही सात-आठ पोरं शाळा सुटल्यावर त्यांच्या ओसरीवर जमायचो. नाताळच्या वस्तू करायला. आमच्यापैकी एकाच्याही घरी नाताळ नव्हता, पण त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. आईची अट एकच होती, "तिच्या घरचं अंडं घातलेलं काई खाजो नको." बाबा म्हणाले, "जाऊ दे. पोरगी कैची धराले तं शिकन."

कैची धरायला तर शिकलेच. वेचणी संपलेल्या वावरातून आम्ही पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, झाडं उपटून आणायचो. वाळकी, काळपट, फांद्या फुटलेली. त्यातलं सगळ्यात देखणं झाड रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून उभं केलं की झालं नाताळचं झाड. कापूस वेचून घेतला की बोंडाचं टरफल मागं उरतं, पाच पाकळ्यांचं आणि टणक. ते चुन्यात बुडवून वाळवलं की चांदणी तयार. सिगारेटच्या पाकिटातली चांदी, जुन्या राख्यांच्या टिकल्या, बाबांच्या दुकानातला सुतळीचा गुंडा, सगळं तिथं खपायचं. भेटकार्डं जुन्या लग्नपत्रिकांची. त्यामुळं पुढं गोठ्यातला बाळ येशू आणि मागं 'चि. सौ. कां.' अशी कार्डं आम्ही गावभर वाटली. एकदा आलेल्या पाद्रीबाबांना मी दिलेल्या कार्डाच्या आत चक्क गणपती होता. ते हसले. बाई हसल्या नाहीत. "असू दे," म्हणाल्या, "थ्याले बी सण पाहू दे."

बाजारातली वस्तू ओसरीवर चालत नसे. माझी मैत्रीण सुनंदा एकदा मामानं नागपूरहून आणलेली प्लॅस्टिकची चमचमती चांदणी घेऊन आली. बाईंनी ती सवयीनं उलटी केली, परत सरळ केली आणि तिच्या हातात दिली. "चांगली हाय. दुकानदाराले माह्या शुभेच्छा सांगजो." सुनंदा दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी बोंडं घेऊन आली.

खळ मात्र त्या स्वतः शिजवायच्या. मैद्याची, आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद. त्यानं किडे लागत नाहीत, उंदीर तोंड लावत नाही. त्या खळीला एक पुसट निळसर झाक यायची आणि वाळल्यावर जोडाच्या कडेनं ती तशीच राहायची. मोरचूद विषारी, म्हणून भांडं वेगळं आणि आम्हाला हात लावायची बंदी. खळ निवेपर्यंत दम धरायचा. आम्ही घाई केली की त्या म्हणायच्या, "चिपकवणं म्हंजे दाबून बसणं. हात सोडला का सुटलं."

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक वस्तू आम्ही दोन दोन करायचो. एक आपापल्या घरी न्यायची, दुसरी नेलीसाठी. नेली म्हणजे बाईंची नात, मार्थाची मुलगी, जबलपूरला असते, माझ्याच वयाची. दोन वेण्या घालते, हनुवटीवर तीळ आहे, गणितात कच्ची आहे. बाई काम करता करता सांगायच्या आणि आम्ही ऐकायचो. पंधरा तारखेच्या सुमारास सगळ्या वस्तू मांजरपाटाच्या पिशवीत घालून तिचं तोंड शिवलं जायचं. वर जांभळ्या शाईनं पत्ता. आत प्रत्येकाची एक चिठ्ठी. पहिल्या वर्षी आम्ही पार्सल गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून विचारायला लागलो, "बाई, उत्तर आलं काय?" रोज विचारायचो. दारावरून जाताना, नळावर, शाळेच्या वाटेवर. संक्रांतीच्या आसपास उत्तर आलं. आजीच्या पाकिटात सगळ्यांसाठी एकेक छोटी चिठ्ठी. माझी सगळ्यात मोठी होती.

बाकीचे पुढच्या डिसेंबरपर्यंत नेलीला विसरून गेले. मी उत्तराला उत्तर लिहिलं. "वेगळं तिकीट कायले लावतं?" बाई म्हणाल्या, "माह्या पाकिटातच टाकतो." तेव्हापासून सहा वर्षं, महिन्याला एक तरी पत्र माझं जायचं आणि एक तिचं यायचं. थोडं तिरकं अक्षर, वेलांट्या जरा पडलेल्या. मला ते अक्षर इतकं आवडायचं की वहीत मी माझ्या वेलांट्याही पाडून पाहिल्या आणि शाळेत बोलणी खाल्ली.

काय नाही लिहिलं मी नेलीला! आईला सांगता येत नाही, सुनंदाला सांगितलं तर गावभर होतं, असं सगळं. पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मी किती घाबरले होते ते. बाबा आणि काका दुकानावरून भांडले, आणि बाबा मोरीत पाणी सोडून रडले, ते मी दाराआडून ऐकलं, हे जगात दोघींनाच माहीत होतं. मला आणि नेलीला. ती कधी उपदेश करत नसे. 'मलाही असंच होतं' एवढंच लिहायची. तेवढंच हवं असतं त्या वयात.

आणि तिच्या आजीबद्दलही लिहायचे. अगदी मोकळेपणानं. 'तुझी आजी फार किरकिर करते. तोंडाला लवंगेचा इतका वास मारतो की जवळ बसवत नाही. सगळ्यांकडून फुकटात काम करून घेते आणि वर नावं ठेवते.' नेलीचं उत्तर आलं, 'आजीचं मनावर घेऊ नकोस. ती एकटी राहते ना, म्हणून बोलते.' त्या महिन्यात बाईंच्या गालात लवंग दिसली नाही. माझ्या ते लक्षात आलं होतं. दात दुखत असेल, असं मला वाटलं.

खुणा काही कमी नव्हत्या. नेली माझ्यासाठी कार्डं पाठवायची आणि त्यांच्या जोडाला तीच निळसर झाक असायची. मी काय समजावं? मला वाटलं, बरोबरच आहे, मार्थाताई आपल्या आईकडूनच खळ शिकली असणार. उलट मला त्याचा अभिमान वाटला. जबलपूरला बसून एक मुलगी आर्वीच्या पद्धतीनं चिकटवते आहे म्हणून! पाठीकडून पाहणाऱ्या बाईंची मी शिष्या, आणि माझ्या अकलेचा हा दिवा.

दहावीच्या वर्षी दिवाळीत बाबांनी जाहीर केलं, दहावी झाली की पुरे. आर्वीला मुलींनी शिकायचं तेवढं झालं, वर्ध्याला ठेवणार नाही. मी रडून नेलीला चार पानं लिहिली. आठवड्यानं रूथबाई बाबांच्या दुकानात गेल्या आणि त्यांनी दोन किलो ढेप मागितली. बाबा चाट पडले. "बाई, तुमच्याकडे तं गाय नाई."

"घेऊ म्हणतो एखादी," बाई म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. तासभर बसल्या. बाबांनी घरी येऊन आईला सांगितलं ते मी ऐकलं: वर्ध्याला बाईंच्या ओळखीचं वसतिगृह आहे, पोरगी हुशार आहे, बाई म्हणतात ते काही चुकीचं नाही. दोन दिवसांनी होकार आला. मी नेलीला लिहिलं, 'तू प्रार्थना केलीस ना? तुझ्यामुळं झालं.' तिनं लिहिलं, 'हो, केली.' गाय अर्थातच आली नाही.

त्याच पत्रात मी तिला वचनाची आठवण करून दिली. दोन वर्षांपूर्वी तिनं लिहून टाकलं होतं, 'दहावीच्या नाताळात नक्की येईन.' मी प्रत्येक पत्रात विचारायचे. आधी तिनं लिहिलं, बघते. मग लिहिलं, मम्मी हो म्हणाली. शेवटी तारीख आली, चोवीस डिसेंबर, नागपूरहून येणारी साडेचारची गाडी. बाई त्या दिवसांत अबोल झाल्या होत्या. आम्ही मात्र गल्ली डोक्यावर घेतली. मी नव्यानं ओसरीवर येणाऱ्या लहान पोरांना कामाला लावलं. चुना दिलेल्या शंभर बोंडांची माळ केली. आईनं, अंड्याची अट घालणाऱ्या माझ्या आईनं, नेलीसाठी करंज्या तळल्या.

चोवीसला सगळ्यांना घेऊन मी साडेतीनलाच बसस्थानकावर पोचले. माळ बाईंकडेच राहिली होती. ती आणायला मी एकटी पळत परत आले. ओसरीवर कुणी नव्हतं. आतल्या टेबलाशी बाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. मी चपला काढून मागं जाऊन उभी राहिले, त्यांना घाबरवायचं म्हणून. त्या डाव्या हातानं लिहीत होत्या. कागदावर तिरकं अक्षर होतं, वेलांट्या पडलेल्या. 'प्रिय मंजू, रागावू नकोस. निघायच्या आदल्या दिवशी मला फार ताप आला आणि मम्मीनं'

बस यायला अजून पाऊण तास होता, आणि नेलीला ताप येऊनही गेला होता.

मी ओरडले नाही. बाईंनी मागं पाहिलं, माझ्याकडे आणि मग स्वतःच्या डाव्या हाताकडे. तो त्यांनी पदराखाली घेतला. लहान पोर चोरलेलं बोर लपवतं ना, तसा. त्या क्षणी मला त्यांची दया आली नाही. किळस आली. आज लिहिताना सौम्य शब्द सापडेल म्हणून शोधला, सापडला नाही.

"नेली नाही?" मी विचारलं.

"हाय. जबलपूरले हाय. पण थे..." त्या थांबल्या. मग एका दमात बोलल्या. मार्थानं त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं. बाई लग्नाला गेल्या नाहीत, आणि 'माह्यासाठी तू मेली' असा निरोप धाडला. पुढं राग गेला. त्यांनी पत्रं लिहिली, ती परत आली. मुलगी झाल्याचं चर्चमधल्या कुणाकडून तरी कळलं. "त्या पहिल्या वर्साले मी खरंच पार्सल धाडलं होतं, मंजू. देवाशपथ. थे वापस आलं. आन तुम्ही पोट्टे रोज इचारून राह्यले होते, उत्तर आलं काय, उत्तर आलं काय. काय सांगू? म्हटलं, एक चिठ्ठी लिहून टाकू. एकच. मंग तू उत्तर धाडलं."

"आणि बाकीची पार्सलं?"

त्यांनी खाटेखाली बोट दाखवलं. मी वाकून पाहिलं. मांजरपाटाच्या पिशव्या, एकीला एक लागून. सगळ्यात आतल्या पिशवीवर पोस्टाचा शेरा होता, घेण्यास नकार. बाकीच्यांवर तिकीटसुद्धा नव्हतं. आमची सगळी डिसेंबरं तिथं होती, तोंडं शिवलेली.

"तुम्ही माझी सगळी पत्रं वाचली," मी म्हणाले. मोरीतलं बाबांचं रडणं मला आठवलं. मग लवंग आठवली. मग ढेप. एकामागून एक सगळं डोक्यात येत गेलं आणि प्रत्येक वेळी कानशिलं नव्यानं तापली. सहा वर्षं मी दार लावून कपडे बदलत होते, आणि खिडकीत कुणीतरी उभं होतं.

"मलेच तं लिहिली होती तू," बाई हळूच म्हणाल्या.

"तुम्हाला नाही. नेलीला लिहिली होती."

त्या म्हणाल्या, "कोणाले सांगजो नको, बाई." माफी मागितली नाही. मी फार वर्षं त्या माफीची वाट पाहिली, म्हणून हे नोंदवून ठेवते. त्यांनी फक्त सांगू नकोस म्हटलं.

मी माळ उचलली आणि बसस्थानकावर परत गेले. साडेचारची गाडी पाचला आली. सगळी माणसं उतरली. पोरं माझ्या तोंडाकडे पाहत होती. सुनंदा म्हणाली, "काऊन नाई आली वं?" मी म्हणाले, "ताप आला तिला. आत्ताच बाईंकडे निरोप आला." कसं आलं तोंडातून कुणास ठाऊक, पण अगदी सहज आलं. घरी आईलाही तेच सांगितलं. करंज्या आम्हीच खाल्ल्या.

त्यानंतर मी त्या ओसरीवर पाय ठेवला नाही. दहावी झाली, वर्ध्याला गेले. बाईंनी ओळखीतून लावून दिलेल्या वसतिगृहातच राहिले, कारण दुसरीकडे बाबांनी ठेवलं नसतं. तिथली प्रत्येक रात्र मला उसनी वाटायची. शिक्षण माझं होतं, पण ते माझ्या चोरून वाचलेल्या पत्रातून आलं होतं. याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं, अजूनही पुरतं कळलेलं नाही. सुटीत आर्वीला आले की मी गल्लीच्या दुसऱ्या तोंडानं घरी जायचे. आई म्हणायची, "बाईले भेटून ये, इचारत होत्या." मी अभ्यासाचं कारण सांगायचे. माणसावर विश्वास ठेवायच्या बाबतीत मी त्यानंतर कायमची आखडती झाले. कुणी फार आपुलकीनं बोललं की मी मनात म्हणते, अक्षर कुणाचं आहे ते बघू आधी.

पुढं डी.एड. झाले आणि हिंगणीच्या शाळेत लागले. वर्गात डिसेंबरमध्ये बोंडाच्या चांदण्या करायला शिकवते. ते सोडवलं नाही. पण बाजारात मिळणारा डिंक वापरते. आणि पोरांना कुठल्याही न पाहिलेल्या माणसासाठी काही करायला लावत नाही.

नोकरीला तीन वर्षं झाली असतील. आईचा फोन आला, रूथबाईंना सावंगीच्या दवाखान्यात ठेवलंय. त्यांचा निरोप होता, "मंजूले म्हणा, एकडाव येजो." हिंगणीहून सावंगी काही लांब नाही. मी रविवारी जाऊ म्हटलं. रविवारी कपडे धुतले. पुढच्या रविवारी वह्या तपासल्या. बुधवारी बाई गेल्या.

मातीला मात्र गेले, आईला सोबत हवी होती म्हणून. आर्वीच्या ख्रिस्ती स्मशानात पंधरा-वीस माणसं होती, निम्मी आमच्या गल्लीतली. सगळं आटोपल्यावर पाद्रीबाबांनी एका मुलीला माझ्याकडे आणलं. माझ्याच वयाची, पंजाबी ड्रेस, खांद्याला प्रवासाची बॅग. "ही जबलपूरहून आलीय. बाईंची नात."

वेण्या नव्हत्या, केस कापलेले होते. मी तिच्या हनुवटीकडे पाहिलं. तीळ नव्हता.

"नेली?" मी म्हणाले.

"जी?" तिनं इकडेतिकडे पाहिलं. "नेली कौन? मैं शिवानी."

बाईंना नातीचं नावसुद्धा माहीत नव्हतं. मुलगी झाली एवढंच कुणीतरी सांगितलं होतं. बाकीचं सगळं, नाव, वेण्या, गणितात कच्ची असणं, त्यांनी ओसरीवर बसून जमवलं होतं.

शिवानी मोकळी होती, बोलकी होती. मार्थाताई दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. त्यांनी शेवटच्या आजारात कधीतरी आईचं नाव काढलं, तेव्हा हिला कळलं की आपल्याला आजी आहे. यायचं यायचं म्हणत राहून गेलं. पाद्रीबाबांचा फोन गेला तेव्हा ती निघाली. मी तिला बसस्थानकापर्यंत पोचवायला गेले. त्याच फलाटाशी आम्ही बाकावर बसलो. नागपूरची गाडी लागली नव्हती.

"दीदी," ती म्हणाली, "सब कहते हैं आप नानी के बहुत करीब थीं। कैसी थीं वो?"

मी सांगितलं. वस्तू उलटी करून पाहायच्या ते सांगितलं, पाद्रीबाबांचा गणपती सांगितला, पऱ्हाटीचं झाड सांगितलं. ती खळखळून हसली. गाडी फलाटाला लागली तशी ती उठली, बॅग खांद्यावर घेतली आणि अगदी सहज विचारते आहे असं दाखवत म्हणाली, "मेरी बात करती थीं कभी?"

तिचा चेहरा सहज नव्हता. त्यासाठीच ती एवढ्या लांबून आली होती, हे मला स्वच्छ दिसत होतं. एक 'हो' पुरला असता. पण मला नेली आठवली. माझी पाळी, माझ्या बाबांचं रडणं, माझी चार पानं, सहा वर्षांची माझी एकमेव मैत्रीण. तिच्यावर हिचा काय हक्क? आणि बाईंवरचा राग काढायला बाई उरल्या नव्हत्या. ही समोर होती.

मी म्हणाले, "नहीं। कभी नहीं।"

"अच्छा," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "कोई बात नहीं।" खिडकीत बसून तिनं मला हात केला. गाडी वळेपर्यंत करत होती.

रूथबाईंनी मला फसवलं, हे मी वर सगळं लिहिलं आहे आणि त्यातला एकही शब्द मागं घेत नाही. पण त्यांनी केलं ते एका पोरीला उत्तर मिळावं म्हणून. मी केलं ते दुसरीला मिळू नये म्हणून. जाताना शिवानीनं पत्ता दिला होता. तीनदा पत्र लिहायला बसले, आणि तिन्ही वेळा मायना 'प्रिय नेली' असा पडला. म्हणून हे असं छापायला देते आहे. तिला मराठी वाचता येत नाही. तिथं कुणी तरी मराठी असेल, ते वाचून दाखवेल.

शिवानी, त्या तुझी आठवण काढायच्या. रोज काढायच्या. तुझं नाव काय, ते तेवढं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.